कंपायलरच्या खोट्या इशाऱ्यामागचे खरे गणित

सी प्लस प्लस भाषेतला, वर्षानुवर्षे विनातक्रार चालत आलेला एखादा प्रोग्राम कंपायलरच्या (प्रोग्रामचे यंत्रकोडात रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) नव्या आवृत्तीवर ऑप्टिमायझेशन (कोड अधिक वेगवान करण्याची प्रक्रिया) चालू ठेवून कंपाइल केला, की कधी कधी पडद्यावर एक विलक्षण इशारा उमटतो: मेमरीत १८४४६७४४०७३७०९५५१६१४ बाइट भरले जात आहेत आणि कमाल मर्यादा तर ९२२३३७२०३६८५४७७५८०७ बाइटांची आहे. असा आकडा प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेला नसतो, आणि ऑप्टिमायझेशन बंद केले की इशाराही नाहीसा होतो. कंपायलरच बिघडला आहे असे म्हणून विषय संपवण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु या आकड्याचा माग काढला, तर कंपायलरला काय कळते आणि काय कळू शकत नाही, हे फार स्पष्टपणे दिसते.

हा इशारा देणाऱ्या जीसीसी कंपायलरसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) ‘व्हेक्टर’ या कंटेनरच्या, म्हणजे कमी-जास्त होऊ शकणारी घटकांची यादी साठवणाऱ्या रचनेच्या, पोटात मुख्यतः तीन पॉइंटर (मेमरीतले पत्ते) असतात: पहिला घटक जिथे आहे तिथला, शेवटच्या घटकाच्या लगेच पुढचा, आणि राखून ठेवलेली जागा जिथे संपते तिथला. घटकांची संख्या वेगळी साठवलेली नसते. दुसऱ्या पॉइंटरमधून पहिला वजा करून ती दर वेळी काढली जाते. हे तिन्ही पॉइंटर नेहमी याच क्रमाने राहतील, याची काळजी लायब्ररीतले प्रत्येक फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) घेते. कंपायलरला मात्र या शिस्तीची कल्पना नसते. त्याच्या लेखी ते तीन सुटे पॉइंटर असतात.

आता बाइटांच्या एका व्हेक्टरमधून शेवटचे दोन घटक काढायचे आहेत आणि त्यासाठी घटकांची संख्या बदलणाऱ्या ‘रिसाइझ’ या फंक्शनला ‘सध्याची संख्या वजा २’ हा आकडा दिला आहे, असे समजू. किमान दोन घटक आहेतच, हे प्रोग्रामरला ठाऊक आहे. रिसाइझमध्ये दोन वाटा असतात: नवी संख्या कमी असेल तर शेपूट कापायचे, जास्त असेल तर वाढीव जागेत शून्ये भरायची. ऑप्टिमायझेशन चालू असले की कंपायलर या फंक्शनचा मजकूर थेट आपल्या कोडमध्ये उतरवतो. याला इनलाइनिंग म्हणतात. त्यामुळे वाढीची वाटही त्याच्यासमोर उघडी पडते. त्या वाटेवर किती घटक भरायचे? नवी संख्या वजा जुनी संख्या, म्हणजे उणे २. पण संख्या ज्या ६४ बिटांच्या प्रकारात मोजली जाते त्यात ऋण आकडे नसतात. तिथे उणे २ चा अर्थ २ चा ६४ वा घात वजा २ असा होतो. इशाऱ्यातला आकडा तो हाच.

ही वाट व्हेक्टरमध्ये शून्य किंवा एकच घटक असेल तरच घेतली जाते, आणि तेव्हाही मेमरी बिघडत नाही, कारण लायब्ररी लांबीची मर्यादा तपासून एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक झाल्याचे कळवून काम तिथेच थांबवते. मग भरण्याचा प्रश्न येतो कुठून? राखीव जागेत इतके घटक मावत असतील तर ते तिथेच भरण्याची एक उपवाट त्या फंक्शनमध्ये असते. एवढी राखीव जागा कोणत्याही यंत्रावर असू शकत नाही, पण दोन सुट्या पॉइंटरांमधले अंतर किती याचे बंधन ठाऊक नसलेल्या कंपायलरला ती उपवाट शक्य वाटते. म्हणून मेमरी ओलांडली जाण्याचा इशारा खोटा ठरतो. मात्र संख्या दोनपेक्षा कमी असली तर काय, हा त्यातून निघणारा प्रश्न खोटा नसतो, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे.

क्लँग हा दुसरा प्रसिद्ध कंपायलर आपले बहुतेक इशारे ऑप्टिमायझेशनच्या आधीच देतो, त्यामुळे त्यात या जातीचे खोटे इशारे कमी आढळतात. पण फंक्शनांच्या सीमा ओलांडून होणाऱ्या काही खऱ्या चुकाही त्या टप्प्यावर दिसत नाहीत. खोटे इशारे टाळणे आणि सगळ्या खऱ्या चुका पकडणे हे दोन्ही एकदम साधत नाही, याचे मूळ खोलवर आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये आणि हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतांनुसार, कोणताही प्रोग्राम चालताना कसा वागेल याचा प्रत्येक वेळी अचूक निवाडा करणारी पद्धत असूच शकत नाही.

लायब्ररीचे लेखक आपल्या परीने मदत करतात. ‘ही स्थिती कधीच येणार नाही’ अशी खूण ते कंपायलरसाठी कोडमध्ये पेरतात, आणि वर वर्णिलेल्या वाढीच्या फंक्शनातही अशी खूण आहे. सी प्लस प्लस २३ मध्ये ‘असूम’ या नावाने ही सोय भाषेतच आली. मात्र दिलेली हमी चुकीची निघाली, तर कंपायलर तिच्यावर विसंबून आवश्यक कोडही काढून टाकू शकतो, म्हणून ती फार जपून द्यावी लागते.

इशारा संपूर्ण प्रकल्पासाठी बंद करणे मला पटत नाही. बंद करायचाच असेल तर प्राग्मा (कोडमध्येच कंपायलरला दिलेली सूचना) वापरून त्या ओळीपुरता करावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे रिसाइझच्या लगेच आधी संख्या दोनपेक्षा कमी आहे का, हे तपासून तसे असल्यास तिथूनच परत फिरणे. तपासणी आणि रिसाइझ यांच्यामध्ये व्हेक्टर बदलू शकणारे एखादे अनोळखी फंक्शन मात्र येऊ नये, नाहीतर कंपायलरला मिळालेली माहिती पुन्हा शंकास्पद होते. तपासणी योग्य जागी असली, की नवी संख्या जुनीपेक्षा मोठी असूच शकत नाही, हे त्याला स्वतःच सिद्ध करता येते. तो वाढीची वाट समूळ छाटतो, इशारा जातो आणि त्या वाटेचा यंत्रकोडही तयार होत नाही.