बोर्डाचा ताठपणा येतो कुठून?

श्रावण लागला की बेळगावात मखरांची दुकाने सजतात. गेल्या काही वर्षांत तिथे एक पाटी हमखास दिसते: ‘थर्माकोलमुक्त, इको-फ्रेंडली मखर’. जवळ जाऊन टिचकी मारून पाहावी, तर माल निघतो सनबोर्ड. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली आणि कारागिरांनी सनबोर्ड हाताशी धरला. सोय म्हणून ठीकच आहे. पण सनबोर्ड म्हणजे फुगवलेले पीव्हीसी, न्हाणीघरातल्या पाइपचेच भावंड. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. हा बोर्ड कुजत नाही, आणि विसर्जनानंतर कुणी उरलेल्या तुकड्यांची शेकोटी केली तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. घशातल्या ओलाव्यात तो विरघळला की झाले हायड्रोक्लोरिक आम्ल. ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द इथे केवळ रंगाच्या हिरवेपणापुरता खरा असतो.

याच सनबोर्डाला सोनेरी कागद चिकटवून केलेले ‘वास्तुदोष निवारक’ पिरॅमिडही मिळतात. त्यांच्यावर धूळ छान बसते, एवढा गुण नक्की आहे.

आता पाटी म्हटले की आमच्या सीमाभागात आधी आठवते ती पाटीवरची भाषा. फलकावर ६० टक्के कन्नड हवे, असा कर्नाटकात २०२४ पासून कायदाच आहे. तो वाद आपल्या जागी राहू दे. मला सांगायचे आहे ते पाटीच्या पोटात काय असते ते. शाळेचे विज्ञान प्रदर्शन, वाचनालयातले ‘शांतता राखा’, दवाखान्यातला एक्स-रेकडे नेणारा बाण, कार्यालयाच्या दारातली वधूवरांची नावे, या सगळ्यांना हलका आणि तरीही न वाकणारा बोर्ड लागतो. हलके आणि ताठ या दोन गोष्टी एकाच वस्तूत कशा नांदतात, यात खरी गंमत आहे.

एक पट्टी दोन्ही टोकांना धरून वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मध्ये कुठेतरी एक असा थर असतो की जो ना ताणला जातो ना दाबला जातो. त्या थराजवळचा माल वाकण्याला जवळजवळ विरोधच करत नाही, फुकट वजन वाढवतो. मग तो काढूनच टाकला तर? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरला हे माहीत असते, म्हणून तर तो भरीव सळईऐवजी आय-बीम वापरतो. लोखंड वर आणि खाली, मध्ये नुसती पातळ भिंत. पक्ष्यांची हाडे आणि वेत पोकळ असूनही मजबूत का असतात, यावर गॅलिलिओने १६३८ सालीच लिहून ठेवले आहे.

बोर्डात हेच तत्त्व सगळ्या पृष्ठभागभर पसरलेले असते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा फोमबोर्ड घ्या. दोन्हीकडे कागदाचा पापुद्रा, मध्ये बहुधा पॉलिस्टायरीनचा फेस. आता आकडे मांडू. अर्ध्या मिलिमीटरचे दोन कागद एकमेकांना चिकटवले तर एक मिलिमीटरचे कार्ड होते. त्याच दोन कागदांच्या मध्ये पाच मिलिमीटर फेस भरला, तर ताठपणा सुमारे ९० पट होतो. कागद तेवढाच आहे, वजन किंचित वाढले आहे. वाढले ते फक्त दोन कागदांमधले अंतर, आणि ताठपणा साधारण त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाची काया अशीच होती: बाहेर प्लायवुड, आत बाल्साचे हलके लाकूड. ज्वारीच्या ताटाचा कडक सालपा आणि आतले भेंड, हीसुद्धा तीच जोडी.

पण गाभ्याला ‘नुसती भर’ समजू नये. वाकताना वरचा पापुद्रा खालच्यावरून सरकू पाहतो. तो सरकला तर दोन पापुद्रे सुटे सुटे वाकतील आणि ९० पटींचे गणित कोसळेल. हे सरकणे रोखायचे काम गाभ्याचे. यालाच कर्तन प्रतिबल सोसणे म्हणतात. फेसाचा कर्तन-गुणांक, म्हणजे या सरकण्याला विरोध करायची क्षमता, जितकी कमी, तितका बोर्ड कागदावरच्या हिशेबापेक्षा लेचापेचा निघतो, आणि आखूड अंतरात हा फरक लांब अंतरापेक्षा जास्त जाणवतो. याशिवाय दाबल्या जाणाऱ्या पापुद्र्याला गाभ्याचा पाठीमागून आधार लागतो. तो अपुरा पडला की पापुद्रा जागच्या जागी चुरमडतो. खात्री करून घ्यायची असेल तर फोमबोर्डाचा एक तुकडा हळूहळू वाकवा. पहिली सुरकुती नेहमी आतल्या बाजूला पडते, बाहेरच्या बाजूला कधीच नाही.

सनबोर्डात कागद नसतो. एकच पीव्हीसी, पण वरची त्वचा घट्ट आणि पोट बुडबुड्यांचे. भरीव पीव्हीसीची घनता घनमीटरला १४०० किलोच्या आसपास, बोर्डाची साधारण ५०० ते ६००. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा वायूचीच. आठ बाय चारची पाच एमएम शीट सात-आठ किलो भरते, तेवढीच अ‍ॅक्रिलिकची शीट सतरा-अठरा किलो.

दुकानात शीट मागितली की काउंटरवरचा पोरगा म्हणतो, “पाच एमएम घ्या की सर, तीन वाकतंय.” पोरगा बरोबर आहे. एकाच मालात ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तीनची पाच एमएम केली तर वजन पावणेदोन पटींहूनही कमी वाढते, ताठपणा मात्र साडेचार पटींहून जास्त. उलट, दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले तर स्वतःच्या वजनाने येणारा झोळ सोळा पट होतो. त्यामुळे लांब पाटीला जाड शीट घेण्याआधी मध्ये एक खिळा वाढवता येतो का, ते पाहावे. तो स्वस्त पडतो.

सनपॅक हा वेगळा प्रकार आहे. ती पॉलिप्रॉपिलीनची, आत पन्हाळी असलेली शीट. पन्हाळीच्या दिशेने ती ताठ राहते, आडवी धरली तर सहज दुमडते. पाटी उभी लावायची असेल तर पन्हाळी उभ्याच हव्यात. आणि दोनच दिवसांचे प्रदर्शन असेल तर माझे मत सरळ आहे: पाच प्लायचा खोक्याचा पुठ्ठा घ्या. तोही पापुद्रे आणि गाभा यांचे सँडविचच आहे, सगळा कागदाचा, आणि प्रदर्शन संपल्यावर रद्दीवाला तो आनंदाने नेतो.

कापायची रीतही या रचनेतूनच कळते. ताकद पापुद्र्यांत आहे, म्हणून पहिल्या हाताने फक्त वरचा पापुद्रा चिरायचा, दुसऱ्याने गाभा, तिसऱ्याने खालचा पापुद्रा. एकाच दमात आरपार जायला गेले की पाते गाभा चिरण्याऐवजी चिरडते आणि कड आत बसते. पाते उभे धरू नये, बोर्डाशी तिसेक अंशांचा कोन ठेवून ओढावे. विळीवर टोमॅटो नुसता दाबला तर फुटतो, ओढत नेला तर कापला जातो, तसेच हे. धार सरकत असली की खालचा दाब कमी लागतो, आणि फेसाच्या कोठड्यांच्या भिंती मोडायच्या आत चिरल्या जातात. स्टीलची पट्टी ठेवायची ती आपल्याला हव्या असलेल्या भागावर, म्हणजे हात सटकला तरी चरा टाकाऊ भागावर पडतो. कागद पात्याची धार भराभर खातो. कड लोकरीसारखी दिसू लागली की टोक मोडून नवे काढावे. मोडत्या पात्याचा हा कटर ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली काढला. चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा पाहून त्यांना तो सुचला, असे सांगतात.

थर्माकोलचे तसे नाही. तो मण्यामण्यांचा बनलेला असतो, आणि मणी एकमेकांना वाफेने जेमतेम चिकटलेले असतात. बोथट पाते मण्यातून न जाता दोन मण्यांमधून वाट काढते. मग मणी सुटतात आणि घर्षणाने विद्युतभारित होऊन बाहीला चिकटून बसतात. म्हणून त्याला नायक्रोम या मिश्रधातूची तापलेली तार लावतात. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे तार न टेकताच वाट होते. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे. थिनर असलेला स्प्रे किंवा रबराचा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो. पांढरा फेविकॉल चालतो.

लेझरवाल्याकडे सनबोर्ड नेऊ नये. पीव्हीसी जळून निघणारे तेच हायड्रोजन क्लोराइड त्याच्या यंत्राचे लोखंड गंजवते आणि त्याची छातीही. समजूतदार लेझरवाला स्वतःच नाही म्हणतो. राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याने कापणाऱ्या यंत्रावर, मात्र सनबोर्ड छान कापला जातो.

राहिला आमच्याकडचा पावसाळा. आषाढ-श्रावणात बेळगाव-खानापूरची हवा इतकी ओली असते की दांडीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा दिवसांत फोमबोर्डावर खळीने छापील कागद चिकटवला की तो आधी पाणी पिऊन पसरतो, आणि वाळताना आक्रसतो. मागचा पापुद्रा तसाच राहतो, म्हणून बोर्डाला छपाईच्या बाजूने बाक येतो. वजन ठेवून तो जात नाही, कारण ओढ कायमच असते. त्याच जातीचा, त्याच मापाचा कागद तीच खळी लावून त्याच दिवशी मागेही चिकटवावा. दोन्ही ओढी एकमेकींना खोडतात. सनबोर्डाला पाण्याचे हे दुखणे नाही, पण तो उन्हाने वाढतो. काचेच्या खिडकीतली आठ फुटी पाटी २० अंशांच्या फरकाने अडीच-तीन मिलिमीटर लांबते. म्हणून तिच्या एका टोकाचे भोक स्क्रूपेक्षा थोडे लांबट पाडावे आणि तो स्क्रू अगदी करकचून आवळू नये.