डोळे उघडण्याआधी तुटलेले शेपूट

डॉबरमन, रॉटवायलर किंवा बॉक्सर म्हटले की आखूड, खुंटासारखे शेपूट नजरेसमोर येते. प्रत्यक्षात या जातींची पिल्ले सहसा लांब शेपूट घेऊनच जन्मतात आणि ते पहिल्या पाच-सहा दिवसांतच कापले जाते. या वयात पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कानांची भोकेही बंद असतात आणि आईचे अंग ते उबेवरून व वासावरून शोधते. कात्रीने शेपूट तोडतात, तेही बहुधा भूल न देता. नाहीतर घट्ट रबरी कडे चढवून रक्तपुरवठा बंद करतात, म्हणजे पुढचा भाग काही दिवसांत वाळून गळून पडतो.

इतक्या लहान जिवाला वेदना कळत नाही, हे याचे नेहमीचे समर्थन. माणसाच्या नवजात बाळांबद्दलही हीच समजूत होती आणि १९८०च्या दशकापर्यंत त्यांच्यावरील अनेक शस्त्रक्रिया अपुऱ्या भुलेवर उरकल्या जात. पिल्लाची मज्जासंस्था अपक्व असते हे खरे. पण अपक्व असतो तो बराचसा वेदना दाबणारा, मेंदूकडून खाली येणारा मार्ग, त्यामुळे त्रास कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पन्नास पिल्लांचे निरीक्षण केले गेले, तेव्हा शेपूट तुटताना प्रत्येक पिल्लू किंचाळले. काही मिनिटांत ती शांत झाली, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे आणि समर्थक नेमके तेवढेच सांगतात.

दुसरे समर्थन अधिक गंभीरपणे घेण्याजोगे आहे: काटेरी झुडपांत धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या शेपटाला इजा होते. ब्रिटनमध्ये सुमारे १,३८,००० कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१० साली काढलेला हिशेब असा होता, की शेपटाची एक इजा टाळण्यासाठी साधारण ५०० कुत्र्यांची शेपटे कापावी लागतील. हा आकडा घरी पाळलेल्या आणि कामाच्या अशा सर्व कुत्र्यांचा मिळून आहे. स्कॉटलंडमध्ये फक्त शिकारीवर नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांची पाहणी झाली, तेव्हा शेपूट न कापलेल्या स्पॅनियलांपैकी निम्म्याहून अधिक एकाच हंगामात जखमी झालेले आढळले. तेथे २००७पासून शेपूट कापण्यावर सरसकट बंदी होती. २०१७ साली स्पॅनियल आणि आणखी काही शिकारी जातींच्या कामाच्या कुत्र्यांपुरती ती शिथिल झाली. हा अपवाद मला मान्य करावासा वाटतो, मात्र त्यातली अडचण उघड आहे: पुढे कोणते पिल्लू रानात धावणार आणि कोणते सोफ्यावर लोळणार, हे तिसऱ्या दिवशी कोणाला कळणार? दिवाणखान्यात वाढणाऱ्या डॉबरमनला तर हे कारण लागूच पडत नाही. तिथे उरते केवळ रूप.

आणि त्या रूपाची किंमत कुत्रा रोज मोजतो. इटलीतील संशोधकांनी २००७ साली दाखवले, की मालक दिसल्यावर कुत्र्याचे शेपूट उजवीकडे अधिक झुकते, तर अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. कॅनडातील एका प्रयोगात यांत्रिक कुत्र्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावले. लांब शेपूट हलत असले की खरी कुत्री निर्धास्तपणे जवळ येत, स्थिर असले की बिचकत. आखूड शेपूट हलले काय नि न हलले काय, त्यांच्या वागण्यात फरक दिसेना.

आखूड शेपूटच हवे असेल, तर कात्रीवाचूनही ते मिळू शकते. पेम्ब्रोक कॉर्गीसारख्या काही जातींत एका जनुकातील बदलामुळे पिल्ले उपजतच आखूड शेपटाची निपजतात. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ ब्रूस कॅटनॅक स्वतः बॉक्सर पाळत. त्यांनी १९९०च्या दशकात बॉक्सर आणि कॉर्गी यांचा संकर घडवला, संततीचा पुन्हापुन्हा बॉक्सरशीच संयोग केला आणि काही पिढ्यांतच जन्मजात आखूड शेपटाचे, एरवी अस्सल दिसणारे बॉक्सर तयार केले. मात्र या जनुकाची बदललेली प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आली, तर गर्भ जगत नाही. म्हणून अशा दोन कुत्र्यांचा जोडा लावणे टाळावे लागते.