ट्राउटचा गळ दुपारी का टाकतात?

मार्च उजाडला की सोलापुरात पारा 35 च्या आसपास फिरू लागतो. हिप्परगा तलावावर गळ टाकणारे तांबडं फुटायच्या आत काठावर असतात आणि ऊन चटकायला लागलं की गाशा गुंडाळतात. यात माशांची सोय किती आणि माणसाच्या डोक्याची किती, हा वेगळा प्रश्न! त्याच दिवसांत, 1 मार्चला, हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशाचा हंगाम उघडतो. तिथले जाणते मात्र सकाळी निवांत चहा पीत बसतात. ऊन वर आल्याशिवाय ओढ्यावर फारसं काही घडत नाही.

ट्राउट इथला नव्हे. 1900 च्या सुमारास इंग्रजांनी त्याची अंडी बोटीने भारतात आणली. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. बर्फ वितळून आलेलं पाणी सकाळी 4-5 अंशांवर असेल, तर त्याचं पचनही मंदावतं आणि तो तळाशी दगडाआड पडून राहतो. दुपारी पाणी चार अंशांनी तापलं, की मेफ्लाय नावाच्या किड्याची अळी तळ सोडून वर येते, पृष्ठभागावर कात टाकते आणि पंख उघडेपर्यंत प्रवाहाबरोबर वाहत जाते. पंख फुटलेल्या या किड्याला खाण्यापुरतं तोंडच नसतं. जोडीदार शोधायला हातात जेमतेम एखाद-दोन दिवस. ट्राउट त्याला टिपतो तो त्या वाहण्याच्या घडीला.

गळाला कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्याने गुंडाळून याच किड्याची नक्कल करतात. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. आपल्या गळात शिशाचा तुकडा दोरीला ओढत नेतो; इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. ती डोक्यावरून मागे-पुढे झुलवून सोडली, की नकली किडा तिच्यामागून जातो.

पुढची परीक्षा माशाच्या नजरेची. विहिरीत बुडी मारून वर पाहिलंत, तर सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोलात मावलेलं दिसतं, भोवती पाण्याचा आरसा. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून हा गोल साधारण 97 अंशांचाच असतो. एक फूट खोल असलेल्या ट्राउटला वरचं जग सुमारे सव्वादोन फूट रुंदीच्या खिडकीतून दिसतं. किडा खिडकीत येण्याआधी त्याच्या पायांचे खळगे आरशावर उमटतात. माशाची तयारी तिथूनच सुरू होते. दोरी वेगळ्या धारेत सापडून किडा जरा जरी आडवा ओढला गेला, तरी मासा तोंड फिरवतो. काठावर वाकून चालायचं तेही याच खिडकीमुळे: उभा माणूस तिच्या कडेला दिसतो.

हा मासा उजनीत का सोडत नाहीत? 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. उलट तापलेल्या माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. 25 अंशांच्या वरचं पाणी ट्राउटच्या जिवावर बेतू शकतं. आपला मरळ अशा वेळी सरळ वर येऊन हवेचा घोट घेतो. चिलापी कमी प्राणवायूतही तग धरते. म्हणून उन्हाळ्यात पाणी 20 च्या पुढे गेलं, की ट्राउटचे जाणते शिकारी गळच टाकत नाहीत. गळाशी झगडून दमलेला मासा पाण्यात परत सोडला, तरी मरू शकतो.