नको असलेल्या जाहिरातींच्या ई-मेलविरुद्ध तक्रार: पात्रता, पुरावे आणि प्रक्रिया

जाहिरातीचा ई-मेल नकोसा वाटला म्हणून तो बेकायदा ठरत नाही, त्यामुळे तक्रार लिहायला बसण्यापूर्वी आलेला ई-मेल कोणत्या प्रकारात मोडतो हे आधी पाहावे. खरेदीची पावती, माल रवाना झाल्याची सूचना किंवा पासवर्ड बदलल्याची खबर हा आपणच केलेल्या व्यवहाराचा भाग असतो आणि त्याला बहुतेक कायद्यांनी जाहिरातीच्या नियमांतून वगळले आहे. वस्तू किंवा सेवा विकणे हा ज्या ई-मेलचा मुख्य हेतू आहे, तोच या कायद्यांच्या कक्षेत येतो.

यानंतरचा प्रश्न संमतीचा. १ जानेवारी २००४ पासून लागू असलेल्या अमेरिकेच्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार पूर्वसंमती न घेताही जाहिरात पाठवता येते. मात्र प्रेषकाची ओळख आणि विषयाची ओळ खरी असली पाहिजे, टपालाचा पत्ता दिलेला असला पाहिजे आणि नकार कळवण्याची सोय ई-मेल पाठवल्यापासून किमान ३० दिवस चालू राहिली पाहिजे. युरोपीय संघात २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशानुसार व्यक्तीला जाहिरात पाठवण्यापूर्वीच संमती घ्यावी लागते. अपवाद एवढाच, की जुन्या ग्राहकाला तशाच प्रकारच्या मालाची माहिती पाठवता येते, तीही नकाराची संधी प्रत्येक वेळी देऊन. कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४ रोजी लागू झाला. तोही संमतीवरच उभा आहे आणि संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो प्रेषकावर टाकतो. ही तरतूद मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण आपण कधीच न दिलेली संमती दिली नव्हती हे कोणी आणि कसे सिद्ध करावे? भारतात केवळ जाहिरातींच्या ई-मेलसाठी वेगळा कायदा नाही; दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०१८ ची नियमावली कॉल आणि एसएमएसपुरती आहे.

प्रेषक ओळखीचा आणि खरा असेल, तर तक्रारीआधी त्याला लेखी नकार कळवावा. ई-मेलच्या तळाशी असलेल्या ‘अनसबस्क्राइब’वर क्लिक करावे, पुढे दिसणाऱ्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा आणि शक्य असल्यास त्याच पत्त्यावर एका ओळीचे उत्तरही पाठवावे. या नकारासाठी शुल्क मागणे, किंवा ई-मेल पत्त्याखेरीज जन्मतारीख, फोन नंबर अशी माहिती सक्तीची करणे, हाच अमेरिकेच्या कायद्याचा भंग आहे. प्रेषक अनोळखी आणि संशयास्पद असेल तर मात्र त्या दुव्यावर मुळीच क्लिक करू नये, कारण त्यामुळे आपला पत्ता वापरात असल्याचे त्याला कळते.

नकारानंतर प्रेषकाला मिळणारी मुदत नीट मोजावी. अमेरिका आणि कॅनडात ती कामकाजाचे १० दिवस आहे, ऑस्ट्रेलियात ५. समजा, सोमवारी ३ तारखेला नकार कळवला आणि मध्ये सुट्टी आली नाही, तर शनिवार-रविवार वगळून १० दिवसांची मुदत १७ तारखेला संपते. १४ तारखेला आलेल्या ई-मेलवर उशिराची तक्रार टिकणार नाही, १९ तारखेला आलेल्यावर टिकेल.

कागदपत्रांत सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे तो मूळ ई-मेल, आणि नेमका तोच बहुतेक जण रागाच्या भरात डिलीट करतात. स्क्रीनशॉट पुरेसा नसतो, साधे फॉरवर्ड केल्यानेही मूळ हेडर गळून पडतो. हेडर म्हणजे ई-मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून आला याची नोंद. त्यातील ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, कारण प्रत्येक सर्व्हर आपली नोंद आधीच्या नोंदीच्या वर लिहितो. दिसणारे प्रेषकाचे नाव कोणालाही खोटे टाकता येते. आपल्या सेवादाराच्या सर्व्हरने लिहिलेली सर्वांत वरची नोंद मात्र प्रेषकाला बदलता येत नाही. म्हणून मेल सेवेतील मूळ संदेश पाहण्याचा पर्याय वापरून तो ई-मेल संपूर्ण फाइल म्हणून उतरवून ठेवावा. सोबत नकार कळवल्याचा पुरावा, नंतर आलेल्या ई-मेलच्या तारखा आणि त्या कंपनीशी पूर्वी व्यवहार झाला असल्यास त्याचा तपशील जोडावा.

अमेरिकेत तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे करता येते. हा आयोग वैयक्तिक तक्रारी सोडवून देत नाही, त्यांचा उपयोग तपासासाठी करतो, आणि सामान्य व्यक्तीला या कायद्याखाली स्वतः दावा लावता येत नाही. कॅनडात स्पॅम रिपोर्टिंग सेंटर आणि ऑस्ट्रेलियात एसीएमए हे संचार आणि माध्यमांचे प्राधिकरण तक्रारी घेते. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम २१ नुसार जाहिरातीसाठी आपली माहिती वापरण्यास केव्हाही हरकत घेता येते आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. हरकत मानली गेली नाही, तर आपण राहतो, नोकरी करतो किंवा जिथे नियमभंग झाला त्या देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. प्राधिकरणाने तीन महिन्यांत तक्रारीच्या प्रगतीबाबत काहीच कळवले नाही, तर न्यायालयात जाण्याचा हक्क मिळतो. म्हणून तक्रार दाखल केल्याची पोच आणि तिची तारीख मूळ ई-मेलसोबतच जपून ठेवावी.