दोन ‘एम’ची गल्लत: कॅमेऱ्यावरचा आणि फ्लॅशवरचा

“कॅमेरा मॅन्युअलवर आहे, तरी एका फोटोत चेहरा उजळ आणि पुढच्यात काळवंडलेला का येतो?” लग्नाचं काम नव्याने शिकणारं पोरगं हे हमखास विचारतं. मी उलट विचारतो, कुठला मॅन्युअल? मंगल कार्यालयात आपल्या हातात एकाच वेळी दोन ‘एम’ असतात. एक कॅमेऱ्याच्या डायलवर, दुसरा वर बसवलेल्या फ्लॅशच्या पडद्यावर. अक्षर तेच, पण एक लावला म्हणून दुसरा लागत नाही.

कॅमेऱ्याच्या एममध्ये शटर (किती वेळ उघडं राहणार), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) तुम्ही ठरवता. (आयएसओ ऑटोवर राहिला असेल तर तो एम नावापुरताच.) फ्लॅशच्या एममध्ये फ्लॅशने किती उजेड टाकायचा ते तुम्ही ठरवता: पूर्ण, अर्धा, १/१६, पार १/१२८ पर्यंत. तो नको असेल तर टीटीएल. त्यात फोटोच्या आधी फ्लॅश एक बारीकशी चमक सोडतो, परत आलेला उजेड कॅमेरा लेन्समधून मोजतो आणि खरा फ्लॅश किती जोरात मारायचा ते स्वतः ठरवतो. वरच्या पोराचा फ्लॅश टीटीएलवर होता, म्हणून समोरच्याचे कपडे बदलले की चेहराही बदलत होता.

मी स्वतः उलटी चूक केली आहे. पहिल्यांदा एकट्याने लग्न घेतलं तेव्हा ‘मॅन्युअलवर ठेव’ एवढंच डोक्यात होतं, म्हणून दोन्ही एम लावून बसलो. फ्लॅश थेट समोर, पॉवर तीन मीटरवर उभ्या करवलीवर तपासलेली. मामा नवरीला घेऊन निघाले ते सहा मीटरवरून. तिथे फ्लॅशचा उजेड पोचला चौथाईच. माझ्यापासून दीड मीटरवर आले तेव्हा चौपट. म्हणजे त्या आठ-दहा पावलांत उजेडात सोळापटीचा फरक, चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा)! पहिले फोटो अंधारात, शेवटचे पांढरे फटक, आणि मधला एकच धड. नवरी काही परत चालत येणार नव्हती.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. हॉलमध्ये कॅमेरा कायम एमवर, फ्लॅश मात्र माणसं चालत असतील तर टीटीएलवर. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (शटर कॅमेराच ठरवतो तो मोड) ठेवला तर काही मॉडेल अंधाऱ्या हॉलमध्ये शटर १/८ पर्यंत खाली नेतात आणि नाचणारी वरात नुसती धूसर होते.

आता खरी गंमत. फ्लॅशची चमक जेमतेम १/१००० सेकंदाची, बऱ्याचदा त्याहून छोटी. शटर १/५० ला उघडं राहो की १/२०० ला, चमक तेवढीच आत येते. हॉलचा उजेड मात्र पूर्ण वेळ आत येत राहतो. म्हणून १/२०० वरून १/५० वर आलात की मागच्या माळा, झुंबर, मखर दोन स्टॉपने उजळतात आणि नवरीच्या चेहऱ्यावरचा फ्लॅश जागच्या जागी राहतो. १/२०० च्या वर, काही कॅमेऱ्यांत १/२५० च्या वर, साध्या फ्लॅशने फोटोत काळा पट्टा येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. हॉलमधल्या दिव्यांमुळे पट्टे दिसत असतील तर आधी १/१०० किंवा १/५० करून बघा.

आयएसओ आणि अ‍ॅपर्चरचं मात्र तसं नाही. फ्लॅश एमवर असताना आयएसओ ८०० चा १६०० केला तर हॉल आणि चेहरा दोन्ही उजळतात. फ्लॅश टीटीएलवर असेल तर तो तेवढीच ताकद कमी करतो, त्यामुळे चेहरा बहुतेक तसाच राहतो, फक्त हॉल उजळतो. बटण तेच, उत्तर वेगळं, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. माझी सुरुवात साधारण १/१००, एफ/४, आयएसओ १६०० अशी असते. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढतो. हॉल एखाद-दीड स्टॉप अंधारा दिसला की समाधान, मग फ्लॅश सुरू.

टीटीएलचा भाबडेपणा असा की त्याला सगळं जग करड्या रंगाचंच वाटतं. समोर पांढरा अंतरपाट आला की तो ‘फार उजेड झाला’ म्हणत फ्लॅश आवरतो आणि दोघांचे चेहरे मलूल होतात. तिथे फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (टीटीएलच्या हिशोबात आपण केलेली वाढ-घट) +२/३ किंवा +१ करायचं. रिसेप्शनला काळा सूट आला की उलट, चेहरा बर्न होतो, म्हणजे पांढरा फटक पडतो.

अंतरपाट दूर होतो तेव्हा दोघं एका जागी उभी असतात आणि मागून अक्षतांचा मारा होतो. लेन्ससमोरून जाणारे तांदूळ फ्लॅशमध्ये चमकतात, टीटीएल त्यांनाच मोजून बसू शकतो. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली की मी फ्लॅश एमवर टाकतो. तांदूळ बर्न होतात, होऊ देत.

रिसेप्शनलाही तेच. स्टेजवर अंतर ठरलेलं, रांग संपता संपत नाही, तासभर एकच पॉवर. छत पांढरं आणि बेताच्या उंचीवर असेल तर फ्लॅश वर मारून १/४, नाहीतर फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या छत्रीतून. लाल-पिवळ्या कापडी छतावर मारू नका, नवरदेव भगवा दिसतो. पूर्ण पॉवरही टाळा, सेल दमतात आणि पुढच्या फोटोला फ्लॅश तयार व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. तोवर आत्याबाई खाली उतरलेल्या असतात.

होमाच्या वेळी फ्लॅश पुन्हा टीटीएलवर, कॉम्पेन्सेशन उणे एकवर, आणि शटर १/५०, म्हणजे ज्वाळेचा पिवळा उजेड चेहऱ्यावर राहतो. फक्त धुराच्या पलीकडून फ्लॅश मारायचा नाही, सगळा धूरच उजळतो. भटजींच्या मागे, वारा ज्या बाजूने येतो तिथे जागा मिळवा, आणि ती व्हिडिओवाल्याच्या आधी.