सशस्त्र पोलीस कारवाईविषयीची साशंकता (पुणे)

दहशतवादी हल्ल्याचा संशय असताना शस्त्रधारी पोलीस जो घेराव, झडती, गोळीबार किंवा चकमक करतात, त्याची गरज, वेळ आणि खरेपणा यांविषयी लोकांच्या मनात असलेली शंका. महाराष्ट्रात हा विषय निघाला की बोलणे मुंबईच्या ‘एन्काउंटर’कडे वळते. पुण्यात त्याला निराळे वळण आहे, कारण अलीकडच्या काळात या शहरावर झालेले हल्ले बॉम्बचे होते. बंदूकधारी पथक पोहोचले तेव्हा समोर कोणी उरलेलेच नव्हते. म्हणून ‘गोळी का झाडली’ यापेक्षा ‘बंदुका आणून काय साधले’ आणि ‘धरला तो खरा का’ हे प्रश्न इथे जास्त विचारले जातात.

१३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या बेवारस बॅगेचा स्फोट होऊन १७ जणांचा जीव गेला. १ ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी जंगली महाराज रस्ता व परिसरात तासाभरात चार कमी तीव्रतेचे स्फोट झाले; काही बॉम्ब सायकलींना लावलेले होते. १० जुलै २०१४ रोजी तर स्फोट थेट फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळात झाला, दगडूशेठ गणपतीपासून हाकेच्या अंतरावर, साताऱ्याहून चोरून आणलेल्या मोटारसायकलमध्ये. ज्यांनी राखण करायची त्यांच्याच दारात बॉम्ब ठेवला गेल्यावर पेठांमधून काय काय ऐकू आले असेल, ते पुणेकरांना सांगायला नको. त्यानंतरच्या नाकाबंदीला आणि धातुशोधक कमानींना ‘बैल गेला अन् झोपा केला’ हे विशेषण चिकटले. कमान वाजते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही, ही तक्रार गणेशोत्सवात दरवर्षी नव्याने होते.

दुसरी शंका अटकेबद्दलची. जंगली महाराज रस्त्यावर जखमी झालेल्या इसमाकडेच सुरुवातीला संशयाने पाहिले गेले. नंतर तो केवळ बळी असल्याचे स्पष्ट झाले. जर्मन बेकरी खटल्यात सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये एका आरोपीला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्याला स्फोटाच्या कटाच्या आरोपांतून मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. २००६ च्या मालेगाव स्फोटांत आधी पकडलेल्यांनाही २०१६ मध्ये दोषमुक्त करण्यात आले. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ असे अशा वेळी म्हटले जाते. हे सरसकट खरे नाही, पण ते म्हणण्याला आधारच नाही असेही म्हणता येत नाही.

गोळीबाराविषयीची पुणे जिल्ह्याची आठवण मात्र दहशतवादाशी संबंधित नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात, पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या जलवाहिनीविरोधात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघांचा मृत्यू झाला. स्वसंरक्षणाचा पोलिसांचा दावा आणि वाहिन्यांवर दिसलेली दृश्ये लोकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ‘आधी त्यांनी हल्ला केला’ हे वाक्य पोलिसांच्या निवेदनात वाचले की या भागात भुवया उंचावतात, त्यामागे मावळचाही वाटा आहे.

याच्या नेमकी उलट तक्रारही तितकीच जुनी आहे: पोलिसांकडे धड शस्त्रे नसतात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत ‘थ्री नॉट थ्री’ रायफली आणि लाठ्या एके-४७ समोर उभ्या राहिल्या. तुकाराम ओंबळे यांनी कसाबला रिकाम्या हातांनी धरले आणि प्राण दिले. त्या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहिती अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवून, मदत वेळेत का पोहोचली नाही, हे विचारले. पुढे राज्यात ‘फोर्स वन’ हे दहशतवादविरोधी पोलीस पथक उभे राहिले, शहरांत शीघ्र कृती दले आली आणि त्यांच्याबरोबर मॉक ड्रिलही आले. या रंगीत तालमींवरची टीका दुहेरी आहे. एक तर त्या चमकोगिरीच्या वाटतात. शिवाय त्या माणसे घाबरवतात. २०२३ मध्ये धुळ्यात एका मंदिरातील तालमीत मुलगी घाबरून रडू लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी दहशतवाद्याची भूमिका करणाऱ्या पोलिसाच्या कानाखाली वाजवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, तालमीतील दहशतवादी एका विशिष्ट धर्माचे दाखवण्यास पोलिसांना मनाई केली.

कायद्याने ही शंका गैर मानलेली नाही. मुंबईतील १९९५ ते १९९७ मधील चकमकींवरून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या: मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकारी चौकशी व्हावी, आणि शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत बढती वा पदक देऊ नये. शेवटची सूचना फार बोलकी आहे. परदेशातही हा प्रश्न सुटलेला नाही. लंडनमध्ये २२ जुलै २००५ रोजी आत्मघाती हल्लेखोर समजून पोलिसांनी भुयारी रेल्वेत एका निरपराध ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला ठार केले. त्याच्या कपड्यांविषयी आणि वागण्याविषयी सुरुवातीला सांगितले गेलेले बरेचसे पुढे खोटे ठरले.

पुण्यातले मोठे माग मात्र बहुतेकदा साध्या पोलीसगिरीने, तेही दुचाकीच्या निमित्ताने लागले आहेत. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हत्या झाली; पुढच्याच महिन्यात पिंपरीत मोटारसायकलच्या अपघातानंतर मारेकऱ्यांपैकी एक हाती लागला. जुलै २०२३ मध्ये कोथरूडला पहाटेच्या गस्तीवरील पोलिसांनी दुचाकी चोरताना धरलेले तरुण एनआयएला (राष्ट्रीय तपास यंत्रणेला) हवे असलेले निघाले. पोलिसांना बक्षिसे मिळाली, कौतुकही झाले. त्या तरुणांचा तिसरा साथीदार मात्र पोलिसांच्या हातून निसटला आणि ऑक्टोबरमध्ये दिल्ली पोलिसांना सापडला. तो निसटलाच कसा, हा प्रश्न कौतुकाच्या त्याच दिवसांत विचारला गेला.