फेरतपासणी, बालशस्त्रक्रियोत्तर

लहान मुलाची शस्त्रक्रिया झाल्यावर ठरावीक अंतराने त्याला पुन्हा शल्यचिकित्सकाला दाखवण्याची पद्धत. जखम भरली की नाही, एवढेच तीत पाहायचे नसते. दुरुस्त केलेला अवयव मुलाबरोबर वाढतो का व नीट काम करतो का, हे पुष्कळदा काही वर्षांनीच कळते.

पद्धतीचा उगम कोठे मानावा, हे सांगणे कठीण आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे भाग येतात. बांधलेली पट्टी तिसऱ्या दिवशी सोडावी, घाईने दुसऱ्या दिवशी सोडू नये, असे तीत बजावले आहे. मुलांच्या संदर्भात सूत्रस्थान या तिच्या पहिल्या विभागातील कर्णव्यधाचे प्रकरण अधिक लक्षणीय ठरते : सहाव्या वा सातव्या महिन्यात कान टोचावा व दर तीन दिवसांनी छिद्रात आधीपेक्षा जाड वात घालावी. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. ६०० पासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. उपलब्ध संहितेवर एकाहून अधिक संस्कार झाले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे या सूचनांना नेमका काळ चिकटवणे धाडसाचे होईल. शिवाय हा सारा व्रणोपचार आहे, फलिताची नोंद नव्हे. प्रत्येक रुग्णाला निदान वर्षभराने तपासून शस्त्रक्रियेचे फलित लिहून ठेवावे, हा आग्रह बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी धरला. आजच्या पद्धतीचे नाते त्याच्याशी जोडणे सयुक्तिक.

भेटी किती, हे विकारावर ठरते. जांघेतील साध्या हर्नियाला एकदोन पुरतात. जन्मतः गुदद्वार नसलेल्या बाळाला नवे द्वार केल्यावर मात्र साधारण दोन आठवड्यांनी गुळगुळीत टोकाच्या धातूच्या सळीने ते रुंदावू लागतात. सळीचे माप टप्प्याटप्प्याने वाढवतात व हे काम आईला घरी करायला शिकवतात. मध्येच थांबले तर द्वार आकसते, मूल कुंथते, पोट फुगते. क्लबफूटवर, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलावर, पॉन्सेटी पद्धतीने प्लास्टर आणि टाचेच्या कंडरेचा छेद झाल्यावर आडव्या पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने रोज सुमारे २३ तास, नंतर चारपाच वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालायचे असतात. पाऊल सरळ दिसू लागले की बूट माळ्यावर जातात. व्यंग परतण्याचे प्रमुख कारण हेच. जलशीर्षासाठी, म्हणजे मेंदूत साठलेले पाणी काढून देण्यासाठी, बसवलेली शंटनळी पहिल्या वर्षात तुंबण्याचा धोका अधिक असतो, आणि ती तुंबल्याने होणाऱ्या उलट्या व सुस्ती ‘पोट बिघडलंय’ म्हणून घरीच निभावून नेल्या जातात. दुभंगलेल्या टाळूचे उच्चार, कान व दात किशोरवयापर्यंत पाहावे लागतात.

इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात १८७८ मधील. तेथील महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे बोलण्यातल्या ‘एम. वाय.’मध्ये, धार, झाबुआ, खरगोनकडील रुग्णही येतात. शहरातील मराठी घरांत ‘टाके निघाले, आता काय दाखवायचं?’ हा प्रश्न नेहमीचा. अंतराची अडचण त्यांना नसते. झाबुआ-आलीराजपूरकडील भिल्ल कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात व होळीआधीच्या भगोरिया उत्सवाला बरीचशी परततात. पुढची तारीख देताना हे ध्यानात घेतलेले बरे. आयुष्मान भारत योजनेत घरी सोडल्यानंतरचा १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांत मुले तपासतात. त्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवले, तर राहिलेली भेट तेथून मार्गी लावता येते.